महाराष्ट्रातल्या फोर बाय फोर क्लबांना खुलं पत्र: उंचीआधी ब्रेक विचारा

क्लबच्या सर्व मंडळींना सप्रेम नमस्कार.

मृगाचा पाऊस पडला की तुमच्या ट्रेलच्या, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणाऱ्या गाड्या चिखल-दगडात नेण्याच्या मोहिमांच्या, तारखा जाहीर होतात. ताम्हिणी, वेल्हे, इगतपुरी, आंबोली. जिथे चिखल तिथे तुम्ही. मीही तुमच्यातलाच आहे. २०१६ मध्ये मी २००८ सालची मारुती जिप्सी किंग विकत घेतली आणि तेव्हापासून सोमवार ते शनिवार तीच माझी ऑफिसची गाडी आहे, रविवारी तीच चिखलात जाते. घरात दुसरी चारचाकी नाही. माझ्यासारखे पुष्कळ आहेत. त्यांच्या वतीने मला तुम्हाला एक विनंती करायची आहे. ट्रेलवर येणारी प्रत्येक गाडी डांबर सोडण्याआधी तपासा, आणि नवा मुलगा जुनी गाडी घेऊन आला तर ‘लिफ्ट किती केलीस’, म्हणजे गाडी किती उंच केलीस, हे विचारण्याआधी तिचे ब्रेक कसे आहेत ते विचारा.

हे आत्ताच लिहायचं कारण असं की आता हौशी माणसाच्या हातात जुन्याच गाड्या जास्त येतात. जिप्सी १९८५ मध्ये आली आणि २०१९ मध्ये बंद झाली, म्हणजे आज जिप्सी घ्यायची तर ती वापरलेलीच मिळणार. २०१० सालची पहिली थार २०२० मध्ये बदलली, तीही आता सेकंडहँडच. लष्कराच्या लिलावातून सुटलेल्या जिप्सी तर गावोगाव दिसतात. सात-आठ वर्षांची गाडी नवी म्हणावी अशी ही परिस्थिती आहे. अशा गाडीचे मालक पहिल्या महिन्यात तुमच्याकडे येतात आणि तुम्ही काय कौतुकाने बघता ते पाहून पुढचा पैसा कुठे घालायचा ते ठरवतात. या गोष्टीची जाणीव तुम्हाला पुरेशी आहे असं मला वाटत नाही.

माझंच सांगतो. पहिल्या ट्रेलला माझी गाडी जशी कंपनीतून आली तशीच होती. कुणी वाईट बोललं नाही, पण मला रांगेत शेवटी ठेवलं आणि दोन चढांना ‘स्टॉक गाड्या बाजूने जा’ असं सांगितलं. त्या दिवशी ज्या गाडीभोवती सगळे जमले होते ती माझ्या गाडीपेक्षा वीतभर उंच होती. चार महिन्यांत मी माझीही तशीच करून घेतली.

काय केलं ते नेमकं सांगतो, कारण हाच प्रकार अजूनही सर्रास चालतो. जिप्सीचे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, मुळात ॲक्सलच्या (दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या) खालून जातात. ते काढून ॲक्सलच्या वर बसवले की गाडीचं अंग एकदम वर उचललं जातं. मग चाकांच्या कमानी कापून ३१ इंची टायर घातले. मूळ टायर २०५/७० आर १५, म्हणजे व्यास साधारण ६७ सेंटिमीटर. नवे जवळजवळ ७९. गाडी रुबाबदार दिसायला लागली आणि पुढच्या ट्रेलला मी रांगेत तिसरा होतो.

आता हिशोब बघा. ॲक्सल चाकाच्या मध्यावर असतो, त्यामुळे १२ सेंटिमीटर मोठ्या टायरने डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना फेरा वाटणाऱ्या गिअरचा) ॲक्सलवरचा गोळा जमिनीपासून सहाच सेंटिमीटर वर गेला. आणि पाटे बदलून गाडी जी उचलली, तिने तो गोळा एक मिलिमीटरही वर गेला नाही. सरळ ॲक्सलच्या गाडीत सस्पेन्शन कितीही उचला, ॲक्सल चाकांबरोबरच राहतो आणि दगडाला पहिल्यांदा तोच लागतो. लिफ्टने चॅसी आणि पत्रा वर जातो, बंपर वाचतो, मोठ्या टायरला जागा होते. एवढंच. हे मला कुणीतरी आधी कागदावर काढून दाखवायला हवं होतं.

दुसरीकडे काय गमावलं? टायर १८ टक्के मोठे, म्हणून स्पीडोमीटरवर ६० दिसत असताना गाडी ७० ने धावत होती. तोच तेराशे सीसीचा इंजिन-गिअरबॉक्स, पण चाकाशी पोचणारा जोर १५ टक्क्यांनी घटला. घाटात तिसऱ्यावर चढणारी गाडी दुसऱ्यावर यायला लागली, पेट्रोल वाढलं. ब्रेकचंही तेच. डिस्क तेवढीच, पॅड तेवढेच, पण थांबवायचं चाक जड आणि मोठं. गुरुत्वमध्य वर गेल्यामुळे वळणावर गाडी झुकायला लागली. स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणारा दांडा, म्हणजे ड्रॅग लिंक, तिरपा झाला, त्यामुळे खड्ड्यात चाक वर-खाली झालं की स्टिअरिंग आपोआप वळायचं. जोरात ब्रेक मारला की पाटा एस अक्षरासारखा मुरगळायचा. आणि पंचावन्नच्या पुढे पुढची चाकं अशी थरथरायची की दोन्ही हातांनी स्टिअरिंग दाबून धरावं लागे. त्याला सगळे ‘व्हॉबल मारते’ म्हणतात आणि जिप्सीला ते असतंच म्हणून सोडून देतात. ते असतंच असं नाही. माझ्या गाडीत किंगपिनचे, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीचे, बेअरिंग झिजलेले होते, मी घेतली तेव्हापासून. लहान टायरवर ते लपलं होतं, मोठ्या टायरने उघडं पडलं.

घरची गोष्टही सांगतो, कारण रोजची गाडी म्हणजे घरची गाडी. माझी आई तेव्हा एकाहत्तर वर्षांची होती. उंच केलेल्या गाडीत तिला चढता येईना. मी मागे एक लाकडी स्टूल ठेवायला लागलो. ती काही बोलायची नाही, पण हळूहळू ‘मी एसटीने येते’ म्हणायला लागली. रविवारच्या दोन तासांसाठी मी आईची गाडी काढून घेतली होती. हे मला कळायला फार वेळ लागला.

त्यानंतरची गोष्ट मात्र केवळ गैरसोयीची नाही. एका रविवारी वेल्ह्याच्या बाजूला ओढ्यात पुढचं डावं चाक हवेत लोंबकळलं, पूर्ण खाली. सगळ्यांनी फोटो काढले, मीही खूश होतो. ज्या गॅरेजमध्ये लिफ्ट केली तिथे ब्रेकचं ऑइल चाकापर्यंत नेणारा रबरी होजपाइप मात्र मूळ लांबीचाच राहिला होता. लिफ्टमुळे ॲक्सल आणि चॅसीतलं अंतर वाढलेलं, त्यात चाक पूर्ण खाली गेलेलं. होज ताणला गेला आणि आतून चिरला. त्या दिवशी काही कळलं नाही. मंगळवारी मी आईला साताऱ्याहून घेऊन येत होतो. कात्रजचा नवा बोगदा सोडला की नवले पुलापर्यंत जो उतार आहे, तो पुण्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. तिथे किती अपघात झाले तेही. त्या उतारावर ब्रेकचं पेडल पायाखाली खोल खोल गेलं. मास्टर सिलिंडरला दोन सर्किट असतात, दुसरं शाबूत होतं, त्यामुळे थोडा ब्रेक लागत होता. चौथ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून दुसरा टाकत, हॉर्न वाजवत गाडी डावीकडे घेतली आणि कडेच्या मातीत थांबवली. मागे ट्रक होता. त्याच्या ड्रायव्हरने अंतर ठेवलं होतं म्हणून मी आज हे लिहितोय. आईने फक्त माझ्या हातावर हात ठेवला.

मंडळी, ही गोष्ट ट्रेलवर घडली असती तर तुम्ही सगळे आजूबाजूला होता, वेग पाचचा होता, कुणाला खरचटलंही नसतं. ट्रेलवर झालेलं नुकसान दोन दिवसांनी हायवेवर उघडं पडतं. गाडी रोजची असली की असं होतं. २०१४ मध्ये गोव्यात सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांना येणाऱ्या खास बांधणीच्या गाड्या बघून आपण नकला करतो, पण त्यातल्या पुष्कळशा ट्रेलरवरून येतात आणि ट्रेलरवरूनच जातात. त्यांना मंगळवार नसतो. आपल्याला असतो.

मी सगळं काढलं. पाटे मूळ जागी आणले, टायर मूळ मापाचे घातले. मग जे पहिल्याच वर्षी करायला हवं होतं ते केलं. किंगपिन बेअरिंग, टायरॉडचे एंड, पाट्यांचे आणि शॅकलचे बुश, सगळे होजपाइप, मागचे व्हील सिलिंडर, लायनर. जिप्सीत ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणारी पेटी, गिअरबॉक्सपासून वेगळी, आपल्या रबरी माउंटिंगवर लटकलेली असते. ती रबरं चिरली होती, म्हणून गाडी धक्के मारत होती आणि मी इतके दिवस क्लच बदलायच्या गोष्टी करत होतो. नाना पेठेत दोन शनिवार फिरून सगळे सुटे भाग मिळाले. एकूण खर्च ३१ इंची चार टायरच्या किमतीपेक्षा कमी आला. आणि व्हॉबल गेलं. ऐंशीला एका हाताने स्टिअरिंग धरता येईल इतकं गेलं.

त्यानंतर बदल केले ते असे. टायर त्याच मापाचे, पण ऑल-टेरेन नक्षीचे. टायरमध्ये हवा भरायचा छोटा कंप्रेसर आणि एक चांगला गेज. खरं सांगतो, ऑफ-रोडिंगमध्ये याच्याइतका स्वस्त आणि गुणकारी बदल दुसरा नाही. चिखल-वाळूत शिरण्याआधी हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरतो, जमीन धरतो, दगडावर उसळत नाही. डांबरावर येण्याआधी मात्र पुन्हा भरायचीच, नाहीतर टायर तापून फुटतो. म्हणूनच कंप्रेसर हवा. हेडलाइटला बल्ब तेच ६०/५५ वॅटचे ठेवले, फक्त जाड वायर आणि रिले घालून बॅटरीचा करंट थेट दिला. जुन्या गाडीत स्विचपर्यंत जाऊन येणाऱ्या वायरीतच व्होल्टेज मरतं. प्रकाश डोळ्यांना जाणवेल इतका वाढला आणि समोरच्याच्या डोळ्यांवर काही आलं नाही. दोन्ही डिफरन्शियलचे ब्रीदर (हवा ये-जा करायची तोंडं) पाइप लावून वर बॉनेटपर्यंत आणले. तापलेला ॲक्सल थंड पाण्यात गेला की आत हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. मग ऑइल ताकासारखं पांढरं होतं. पुढे-मागे चॅसीला बोल्ट केलेले भक्कम रिकव्हरी हुक. बाजूला तोंड करून बसायची मागची बाकडी काढून तिथे पट्टा असलेली समोर तोंडाची सीट बसवायची मला फार इच्छा आहे, पण आसनव्यवस्थाही नोंदणीत असते, म्हणून सध्या मागे कुणाला बसवत नाही.

थारवाल्यांसाठीही दोन शब्द. जुन्या सीआरडीई डिझेल थारला पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणारा दांडा, आहे. पान्याने तो कसला की अर्ध्या तासात पुढचा भाग उचलला जातो, म्हणून ‘फुकटची लिफ्ट’ म्हणून ती सर्रास केली जाते. पण त्याने चाक खाली जायची मुभाच संपते, चाकाला फेरा पोचवणारे सीव्ही जॉइंट कायम तिरपे चालतात, त्यांचे रबरी बूट फाटतात, आणि रोजच्या खड्ड्यांवर गाडी लाकडासारखी आपटते. उंची मिळते आणि पकड जाते. त्याऐवजी मागच्या ॲक्सलला दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा लॉकर असेल तर तो नीट चालतो का ते बघा. एक चाक हवेत गेल्यावर साध्या डिफरन्शियलचा सगळा फेरा त्या रिकाम्या चाकालाच जातो. तिथे उंचीने काही होत नाही, लॉकरने होतं. आणि जिप्सी असो की जुनी थार, कोरड्या डांबरावर फोर व्हील टाकून फिरू नका. मध्ये डिफरन्शियल नसल्याने पुढचा-मागचा ॲक्सल एकमेकांशी झगडतात. नव्या मुलांना हे कुणी सांगत नाही. दोघांनी माझ्यासमोर ट्रान्सफर केसची चेन-गिअर खाल्लेली आहेत.

कायद्याबद्दल तुम्ही उघड बोलत नाही, तेही बोलायला हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपासून वेगळे पडतील असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या १८२-अ कलमात प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. बंपरपुढे लावायच्या लोखंडी बुलबारवर तर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच कारवाईचे आदेश दिले, तरी आजही ट्रेलवर त्याशिवाय गाडी दिसत नाही. विमा कंपनीला न कळवलेल्या बदलावरून क्लेम अडू शकतो. १५ वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण करताना गाडी तपासणीला उभी करावी लागते, आणि तेव्हा कापलेल्या कमानी परत जोडता येत नाहीत. मी माझ्या वेळेला हे अनुभवलं. कमानींचं वेल्डिंग-पेंटिंग आधीच करून घेतलं होतं म्हणून निभावलं.

कलम ५२ मध्येच केंद्र सरकारला बदलांसाठी निकष ठरवून देण्याचा अधिकारही आहे. सीएनजी किटसाठी वाट झाली, दिव्यांगांच्या गाड्यांसाठी झाली. आपल्यासाठीही मोजक्या, तपासलेल्या बदलांची वाट व्हावी असं मला मनापासून वाटतं. गाड्यांची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था तर पुण्यातच आहे, १९६६ पासून. पण ती मागणी घेऊन जायची तर आपल्या गाड्या दाखवण्यासारख्या हव्यात. आज कुणी अधिकारी आपल्या पार्किंगमध्ये आला आणि खाली वाकून बघितलं तर काय दिसेल, ते तुम्हीच सांगा.

म्हणून तपासणी. मोटार रॅलीत स्क्रुटिनी असते, गाडी पास झाल्याशिवाय सुटत नाही. ट्रेलला का नाही? एका गाडीला दहा मिनिटं पुरतात. पुढचा ॲक्सल जॅकवर घ्या आणि चाक वर-खाली धरून हलवा. खेळ असेल तर किंगपिन किंवा बेअरिंग गेलं. मग जॅक चॅसीखाली घेऊन चाक पूर्ण खाली लटकू द्या, स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवा आणि होजपाइप कुठे ताणतो, कुठे घासतो ते टॉर्च मारून बघा. पेडल अर्धा मिनिट दाबून ठेवा, खाली बसतं का? टायरवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. गोटा झालेला टायर सगळ्यांना दिसतो, पण नक्षी शाबूत असलेला दहा वर्षांचा कडक टायर कुणाला दिसत नाही. चॅसीला जिथे वेल्डिंग दिसेल तिथे विचारा.

आणि रिकव्हरी हुक बघाच. वाहतुकीत गाडी बांधून ठेवण्यासाठी दिलेला कंपनीचा पातळ आकडा हा ओढून काढायचा हुक नव्हे. चिखलात रुतलेल्या गाडीला झटक्याचा दोर लावून ओढलं आणि आकडा तुटला तर तो गोळीसारखा येतो. ट्रेलर जोडायच्या टो बॉलला दोर लावणं तर पूर्ण बंद करा. जगभर त्याने माणसं गेली आहेत. दोरावर ओलं गोणपाट टाका आणि बघ्यांना दोराच्या दीडपट लांबीवर उभं करा. माझ्या पाहण्यात बहुतेक ट्रेलवर मुलं मोबाइल घेऊन दोराला खेटून उभी असतात.

दुसरं मागणं असं की दर महिन्याला एक ट्रेल फक्त मूळ उंचीच्या गाड्यांची काढा, आणि ती शिकाऊंची म्हणून नव्हे, तर मानाची म्हणून. अनुभवी माणसांनीही त्या दिवशी मूळ मापाच्या टायरवर यावं. कुठलं चाक कुठल्या दगडावर ठेवायचं, हवा किती उतरवायची, कुठे थांबून चालत पुढे जाऊन पाहायचं, कुठून परत फिरायचं, हे तिथेच शिकता येतं. उंच गाडीत माणूस रेषा शोधत नाही, ॲक्सिलरेटर दाबतो. त्या फिरणाऱ्या चाकांनी शेतकऱ्याचा बांध फुटतो आणि पुढच्या वर्षी तो वाटेवर दगड टाकून ठेवतो. मुळशीकडच्या दोन वाटा आपण अशाच गमावल्या आहेत, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

आणि ज्याचं काही मोडलं, त्याने ते ग्रुपवर लिहावं अशी पद्धत पाडा. कुठला भाग, कुठल्या बदलानंतर, किती दिवसांनी. उलटलेल्या गाडीचे फोटो आपण टाकतो, चिरलेल्या होजचा टाकत नाही. माझ्या होजचा तुकडा मी जपून ठेवला आहे. तो आणि जुने किंगपिन बेअरिंग मी कुठल्याही क्लबच्या बैठकीला घेऊन येईन. नवी मुलं ते हातात धरून बघू देत.

येत्या हंगामातली पहिली ट्रेल ज्या रविवारी असेल, त्या दिवशी सकाळी सहा वाजता मी डांबर संपतं तिथे उभा राहायला तयार आहे. दोन जॅक, चार स्टँड, टॉर्च, गेज आणि कंप्रेसर माझा. क्लबने फक्त एवढं जाहीर करावं की तपासणी झाल्याशिवाय गाडी खाली उतरणार नाही, मग ती कुणाचीही असो.

तुमच्या उत्तराची वाट पाहतो.

आपला,
एक जिप्सीवाला
सिंहगड रस्ता, पुणे